खाटेखालचा पाहुणा

समजा, आज रात्री तुमच्याकडं एक कुत्रा आला. पंधरा-वीस दिवसांसाठी. ‘गाडीनं उडवलं होतं, पाय बरा झालाय, पण माणूस बघितला की पळतोय. ठेव की जरा,’ एवढं बोलून मित्रानं पट्टा तुमच्या हातात दिला आणि गाडीला किक मारून तो गेला. तुमच्या डोक्यात रील फिरतंय. वाचवलेला कुत्रा, मागं हळवं गाणं, पाचव्या सेकंदाला तो मांडीवर डोकं ठेवतोय. प्रत्यक्षात तो दारातून आत येतो, भिंतीच्या कडेकडेनं सरकतो, खाटेखाली घुसतो आणि तिथंच राहतो. बिस्किट दाखवा, नाही. ‘ये ये, यू यू’ करा, अजून दोन इंच मागं.

माझ्याकडं असाच एक आला होता. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून आजीनं नाव ठेवलं टिप्या. चार दिवस तो दिवसाउजेडी दिसलाच नाही. रात्री दोन-अडीचला सगळे झोपले की पाणी प्यायल्याचा लप-लप आवाज यायचा आणि सकाळी पायपुसण्यावर पुरावा सापडायचा. पाचव्या दिवशी माझा धीर संपला. मी फरशीवर आडवी झाले, हात आत घातला आणि त्याला प्रेमानं ओढायला गेले. तो गुरगुरला. मला वाटलं, माझ्यावर गुरगुरतोय? मी तर याला वाचवणारी! पुढच्या क्षणी अंगठ्याखालच्या मांसात त्याचे दोन दात होते.

इथं हळवं व्हायच्या आधी एक कामाचं सांगते. कुत्रा चावला, त्याची नखं लागली किंवा उघड्या जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट तर अजिबात नाही. मग त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात लस मिळते. दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो टाळता येतो. म्हणून ‘घरातलाच आहे’ असं म्हणून डोस बुडवायचा नाही. आणि कुणी सांभाळायला कुत्रा घेऊन दारात उभा राहिला, तर पहिला प्रश्न ‘नाव काय’ हा नाही. ‘रेबीजची लस कधी दिली, कार्ड कुठंय’ हा आहे. मी तो विचारला नव्हता. पाचही इंजेक्शनं घेतली आणि प्रत्येक वेळी आईची बोलणीही.

आता चूक कुणाची? टिप्यानं मला आधी सांगितलं होतं, चार-पाच वेळा. तोंड फिरवलं होतं. ओठ चाटले होते. झोप आलेली नसताना जांभई दिली होती. मग अंग ताठ करून थिजला होता, डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. त्यानंतर गुरगुरला. कुत्र्याची ही भाषा एकदा कळली की गल्लीतून चालायची मजाच वेगळी होते. तुम्हाला दिसायला लागतं की तो शेपूट हलवणारा प्रत्येक वेळी खूश नसतो आणि जांभई देणारा कंटाळलेला नसतो. गुरगुरणं ही शिवी नाही, तो गाडीचा हॉर्न आहे. गुरगुरला म्हणून फटका मारलात, तर तुम्ही गाडी थांबवत नाही, फक्त हॉर्न काढून टाकता. पुढच्या वेळी तो न सांगता चावेल आणि मग सगळे म्हणणार, ‘अचानक चावला.’

बाप कोण?

टिप्या चावल्याची बातमी पेठेत फिरली आणि सल्ल्यांचा पूर आला. सगळ्यांचा सूर एकच, ‘त्याला आधी दाखव, बाप कोण हाय ते.’ उलटा पाड, मान दाब, तू जेवल्याशिवाय त्याला जेवू देऊ नको, दारातून आधी तू जा. टीव्हीवरच्या आणि यूट्यूबवरच्या ट्रेनर लोकांनी हा ‘अल्फा’चा धडा घराघरांत पोचवलाय.

त्याचा उगम गमतीशीर आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकानं बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. कोंडलेले लांडगे वरच्या जागेसाठी भांडत होते. पुढं डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकानं ‘अल्फा’ हा शब्द जगभर नेला. नंतर मेकनं जंगलातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं कुणी मारामारी करून ‘अल्फा’ होत नाही. पुढं तो आपल्याच प्रकाशकाच्या मागं लागला, ते पुस्तक छापणं थांबवा म्हणून. आपल्या चुकीचा एवढा पाठलाग करणारा माणूस मला तरी भारी वाटतो. आणि हे झालं लांडग्यांचं. तुमच्या खाटेखाली आहे तो कुत्रा, त्याला राज्य करायचं नाहीये. त्याला फक्त दिसायचं नाहीये.

तो असा का, याचं उत्तर बरंचसं त्याच्या पहिल्या तीन महिन्यांत असतं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला सर्वात कामाचा निष्कर्ष असा की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं ते त्याच्या जगात ‘आपलं’ म्हणून बसतं. माणूस, मूल, हेल्मेट, झाडू, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं. या काळात माणूस भेटलाच नाही, किंवा भेटला तो दगड घेऊनच, तर पुढचं सगळं शिकणं चढणीवरचं होतं. आपल्या रस्त्यावर तर जगणंच अवघड. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. त्यातली फक्त १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंमागं या ना त्या प्रकारे माणूस होता. हे वाचल्यावर मला टिप्याच्या दातांचा राग धरणं जमेना.

पण एक गोष्ट राहिली होती. आधी डॉक्टर. जनावरांच्या डॉक्टरांनी टिप्याचा मागचा पाय हळूच वाकवला तसा तो कळवळला. ‘बरा झालेला’ पाय अजून दुखत होता. चिडक्या, चावऱ्या कुत्र्याचा पहिला पत्ता ट्रेनर नाही, दवाखाना. कान सडलेला असतो, दात किडलेला असतो, कमरेत कळ असते. दुखणाऱ्याला शिस्त लावता येत नाही. वेदनेवरची आपली गोळी मात्र त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

पीटर, ससा आणि उकडलेलं चिकन

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. पीटर जेमतेम तीन वर्षांचा आणि सशाला प्रचंड घाबरणारा. बाईंनी त्याला समजावलं नाही, ओरडलं नाही, ससा अंगावरही टाकला नाही. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. तो शांत राहिला की थोडा जवळ. पुन्हा थोडा जवळ. शेवटी पीटर एका हातानं सशाला कुरवाळू लागला. आज जगभर घाबरट कुत्र्यांसाठी जे ट्रेनिंग चालतं त्याचा गाभा एवढाच आहे. नावं मोठी आहेत, काम साधं आहे. साधं म्हणजे सोपं नव्हे.

माझा ससा मीच होते. मग मी काय केलं? खाटेपासून सहा फुटांवर, त्याच्याकडं पाठ नाही आणि तोंडही नाही, अशी आडवी बसायला लागले. डोळ्यात बघायचं नाही. सेमिस्टर जवळ आली होती, म्हणून अभ्यास मोठ्यानं वाचायचा. अर्थशास्त्राचं अख्खं एक युनिट टिप्यानं माझ्याबरोबर केलंय. दर दोन-तीन मिनिटांनी उकडलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्याकडं टाकायचा आणि वाचत राहायचं. तुकडा त्याच्या पुढ्यात नाही, त्याच्या पलीकडं टाकायचा. म्हणजे खायला तो माझ्यापासून लांब जातो आणि परत यायचं की नाही हे तोच ठरवतो. ही ठरवायची सत्ता त्याच्या हातात देणं, यातच निम्मं काम होतं.

नवव्या दिवशी नाक बाहेर आलं. तेराव्या दिवशी त्यानं हातातून तुकडा घेतला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लगेच कुरवाळायला जाऊ नका. आधी बोटं मोकळी सोडा, तो हुंगेल. छातीपाशी किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि थांबा. तो पुन्हा टेकला तर पुढं, नाही तर आजचा विषय संपला. डोक्यावरून हात आणायचा नाही, आजवर वरून आलेल्या हातात दगडच होता. आयसरच्याच लोकांचा २०१७ चा एक अभ्यास आहे. अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा भेटून खाऊ देण्यापेक्षा कुरवाळलं, तर भटके कुत्रे त्याच्यावर जास्त भरवसा ठेवायला लागले. म्हणजे चिकन हे दार उघडायला. आत बसवतो तो हात.

मग रस्ता. टिप्याला हेल्मेटवाला माणूस आणि झाडू दोन्ही चालायचे नाहीत. कोल्हापुरात सकाळी साडेपाचला रंकाळ्यावर जा, निम्मं गाव चालतंय. म्हणून आम्ही पाच वाजता, आडबाजूला. तिथं मला सर्वात मोठा धडा मिळाला, तो म्हणजे अंतर. चाळीस फुटांवरचा झाडूवाला टिप्याला दिसायचा, पण तो चिकन खाऊ शकायचा. तीस फुटांवर खायचा बंद आणि वीस फुटांवर भुंकून पट्टा तोडायच्या बेतात. तर काम चाळीस फुटांवरच. खात नाही म्हणजे तो हट्टी नाही, तुम्ही जास्त जवळ आलाय. आणि क्रम चुकवू नका. आधी झाडू दिसला पाहिजे, मग चिकन. झाडू गेला की चिकन बंद. उलटं केलंत, चिकन आधी आणि झाडू नंतर, तर चिकन दिसलं की तो झाडू शोधायला लागेल आणि तुम्ही एक चांगली गोष्ट बिघडवून बसाल. मी पहिला आठवडाभर हेच उलटं करत होते.

गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस घ्या. घाबरलेला कुत्रा मागं सरकतो आणि पट्ट्यातून डोकं काढून क्षणात पसार होतो. घरीही दिवसभर साखळी नको. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा सांगतो की सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचंच नाही, ही क्रूरता आहे.

खाण्याबद्दल आपल्याकडं एक खास धोका आहे. तांबडा-पांढरा. रविवारी उरलेला रस्सा भातात कालवून द्यायचा मोह होतो, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही नाही. शिजवलेली हाडं कचकन तुटून आतड्यात घुसतात. दुधानं कित्येकांना जुलाब होतात.

भांडं उचलायला गेलं की टिप्या ताटावर वाकून थिजायचा. इथं मला आपल्याच गावची जुनी गोष्ट उपयोगी पडली. शाहू महाराजांच्या आणि नंतर राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, आफ्रिकेतूनही आणवले होते. काळवीट धरलेल्या चित्त्याच्या जबड्यातून शिकार सोडवायची कशी? चित्तेवान लोक ती ओढायचे नाहीत. लाकडी पळीत रक्त किंवा मांस घेऊन त्याच्या तोंडापाशी धरायचे. चित्ता पळीकडं वळला की शिकार बाजूला आणि डोळ्यावर टोपी. अदलाबदल! चित्त्याशी ‘बाप कोण’ करायची सोय नव्हती, म्हणून माणूस शहाणा झाला असावा. मी टिप्याच्या भरल्या ताटाशेजारून जाता जाता त्यात एक चिकनचा तुकडा टाकायला लागले. काही न घेता. दहा दिवसांत माझी पावलं वाजली की तो ताटातून मान वर करून वाट बघायला लागला.

हलगी वाजली तेव्हा

कोल्हापुरात राहून आवाज टाळता येत नाही. गणपती, दिवाळी, वराती आणि वर फुटबॉल. मी शहाणपणा करून मोबाइलवर हलगीचं रेकॉर्डिंग लावायचे, सर्वात कमी आवाजात, त्याच्या जेवणाच्या वेळी. रोज कणभर वाढवत. बरं चाललं होतं. आणि मग शाहू स्टेडियमवर पेठेची टीम जिंकली. दारातून मिरवणूक, खरी हलगी, फटाक्यांची माळ. टिप्या संडासात घुसला, जागेवरच मुतला आणि तीन तास दाताची कडकड ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाटेखाली. तेवीस दिवसांचं काम एका माळेत.

तुमच्यावरही हा दिवस येणार, आधीच सांगते. लगेच पुन्हा सुरुवात करायची नाही. दोन-तीन दिवस फिरवणं नाही, शिकवणं नाही, नुसतं सोबत बसायचं. घाबरला असताना जवळ घेतलं तर लाडावतो, असं म्हणतात ते खोटं. भीती ही सवय नाही, भावना आहे. तो जवळ आला तर येऊ द्या. सणाची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करा आणि त्या दिवसासाठी आतली खोली, जाड पडदा, पंखा फुल्ल. फारच त्रास होत असेल तर डॉक्टर त्यासाठी औषध देतात, पण ते आधी विचारून ठेवायचं, माळ पेटल्यावर नाही. टिप्या या वेळी मात्र पाचव्या दिवशी स्वतःहून बाहेर आला.

आता तुम्हाला कॉलेजच्या कँटीनपाशी बसणारे आठवत असतील. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडा संकुलं इथली भटकी कुत्री हलवून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायचा आणि पुन्हा तिथं न सोडायचा आदेश दिला. एरवी २०२३ च्या नियमांप्रमाणं नसबंदी केलेला कुत्रा मूळ जागी सोडतात. या आदेशावर तुमचं मत काहीही असो. चावा बसलेल्या पोराच्या आईचंही एक मत असतं आणि ते मी माझ्या अंगठ्यासकट समजू शकते. पण निवाऱ्यात गेलेला घाबरट कुत्रा पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटून बसतो आणि बघायला आलेलं कुटुंब पुढं येऊन शेपूट हलवणाऱ्याला नेतं. घाबरट कुत्र्याला पिंजऱ्यापासून घरापर्यंत जाताना मधे एक पायरी लागते, कुणाची तरी खोली, पाच-सहा आठवडे. कँटीनवर बिस्किटं टाकणारे आपण शंभर असतो, खोली देणारा एखादा.

तरी सगळ्यांनी करू नये. परीक्षा महिन्यावर आली असेल, घरमालकाला विचारलं नसेल, रूममेट ‘बघू’ म्हणाला असेल, घरात रांगतं पोर असेल तर चावऱ्या कुत्र्याला हो म्हणू नका. लस, डॉक्टर आणि खाण्याचा खर्च कोण करणार हे आधी ठरवा, लाजू नका. आणि सगळेच सुधारत नाहीत. काही कुत्री आयुष्यभर चाळीस फुटांवरच राहतात. खोल, वारंवार चावणाऱ्यासाठी चिकन आणि माया पुरत नाही. तिथं वर्तनाची माहिती असलेले डॉक्टर लागतात. तेव्हा थांबणं यात लाज नाही. एका घरी मी स्वतःच नको म्हणून सांगितलं होतं, तिथं दोन लहान मुलं होती.

टिप्या सत्तेचाळीस दिवस राहिला. गडहिंग्लजकडचं एक निवृत्त जोडपं त्याला बघायला तीनदा आलं. तिसऱ्यांदा काकांनी हेल्मेट गाडीलाच अडकवून ठेवलं आणि दारात आडवं तोंड करून बसले, कुणी न सांगता. मी दोन पानं लिहून दिली. झाडू, हलगी, पाय, ताट, गोळ्यांच्या वेळा. आई म्हणाली, ‘ठेवूया का गं आपणच?’ हीच बाई दीड महिना माझं डोकं खात होती. पण आम्ही ठेवला असता तर खाट भरली असती, पुढचा कुठं आला असता?

तो गेल्यावर मी खाटेखाली झाडू मारला. माझा एक मोजा, आजीच्या चष्म्याचं घर, अर्धं खोडरबर आणि अर्थशास्त्राच्या नोट्सचं चावलेलं पान निघालं. रात्री काकूंचा फोटो आला. नवीन घर, नवीन खाट, खाली अंधारात दोन डोळे. ‘बाहेरच येईना गं,’ त्यांनी लिहिलं होतं.

मी कळवलं, ‘चार दिवस हात घालू नका. पुस्तक वाचा, मोठ्यानं.’